चंद्रिकाकाकूंची उघडी रेघ

बाळीवेशीतल्या त्या बोळात सकाळी दूध घालायला येणारा माणूस चंद्रिकाकाकूंच्या दारापुढे आला की गाडीवरून उतरायचा आणि भिंतीला घासत गाडी ढकलत न्यायचा. भक्तिभावानं नव्हे. एकदा त्यानं दारातल्या रांगोळीवरून चाक नेलं होतं आणि काकूंच्या सासूबाईंनी, रत्नम्मांनी, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, निम्मा कानडीत आणि निम्मा मराठीत. कानडी त्याला कळत नव्हतं, पण कळायचं ते कळलं.

रांगोळी होतीच तशी. ठिपके नाहीत, छाप नाहीत. चिमटीतून सुटणारी पांढरी धार आणि ती जाईल तिकडे वेल. चंद्रिका उकिडवी बसून मागं मागं सरकत जायची आणि तिच्या पुढ्यात कमळं, वेलबुट्ट्या, मोर उमटत राहायचे. शेजारणी भाजी निवडता निवडता बघायला यायच्या. सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळी घालायची असली की पहिलं बोलावणं तिला. आणि एवढं करून दुपारपर्यंत पोरांच्या चपला, भाजीची गाडी, नळाचं सांडलेलं पाणी यांनी सगळं पुसून जायचं. "उद्या दुसरी," असं ती हसून म्हणायची. पण माणूस हसून म्हणतो ते सगळंच काही खरं नसतं. एखादी रांगोळी फार जमून आली की त्या दुपारी ती पुढच्या दाराला फिरकायचीच नाही.

तिच्या रांगोळीला एक नियम होता, आणि तो तिचा नव्हता, रत्नम्मांचा होता. रेघ उघडी सोडायची नाही. वेल कितीही भटको, शेवटी ती वळून स्वतःलाच मिळाली पाहिजे. पाकळी मिटली पाहिजे, मोराची मान अंगाला जुळली पाहिजे आणि सगळ्याभोवती चौकट हवी. उघड्या रेघेतून घरातलं माणूस बाहेर जातं, असं रत्नम्मांच्या माहेरी, अक्कलकोटच्याही पलीकडे कानडी मुलखात, मानायचे म्हणे. चंद्रिका लग्न होऊन आली तेव्हाच तिला हे सांगितलं होतं. तिनं ते ऐकून सोडून दिलं. नव्या सुनेला सांगायच्या गोष्टी काय थोड्या असतात!

मग ती सकाळ आली. तिचा धाकटा दीर बसू तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. सासरे गुरप्पा यांचं मोटारी भरायचं दुकान होतं, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं. थोरला मल्लिनाथ, म्हणजे चंद्रिकाचा नवरा, गपगुमान तार गुंडाळत बसायचा. बसूला त्यात गोडी नव्हती. त्याच्या हातून एका गिऱ्हाइकाची मोटार पुन्हा जळाली, आणि गुरप्पांनी भर दुकानात, चार लोकांदेखत, त्याच्या थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रिका दारात रांगोळी घालत होती. आत दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून ती हातातली रेघ तशीच टाकून पळाली. दूध उतरवलं, ओटा पुसला, परत आली, तोवर बसू पिशवी घेऊन गेला होता. तिला तो दिसलासुद्धा नाही. दिवसभर शोधाशोध झाली, स्टँडवर झाली, स्टेशनवर झाली. संध्याकाळी रत्नम्मा उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी रांगोळीकडे बोट केलं. पायरीजवळच्या एका पाकळीची रेघ उघडी राहिली होती.

"तितं बघ," त्या म्हणाल्या. "तितनंच गेला."

तेवढंच. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही, सुनेला छळलं नाही, की बसूचं नावही घेतलं नाही. पण बोलून गेलेलं माणूस विसरतं, ऐकणारं विसरत नाही. चंद्रिकानं त्या दिवसापासून एकही रेघ उघडी सोडली नाही. पुढं रत्नम्मांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, तरी अंधूकच दिसायचं. मग त्या रोज सकाळी खाटेवरूनच विचारायच्या, "मिटल्या का ग रेघा?"

"मिटल्या, आत्या," ती सासूला सांगायची, आणि मगच चहा व्हायचा.

बसू जिवंत होता, हे सुदैव. आधी सुरतेला होता, मग भिवंडीला, आता तिकडं लांब तिरुप्पूरला कपड्यांच्या कारखान्यात. तिथलीच मुलगी केली होती. दोन-चार महिन्यांनी मल्लिनाथला फोन करायचा. त्याचा फोन आला की रत्नम्मा उठून चाचपडत स्वयंपाकघरात जायच्या आणि उगाच भांडी वाजवत बसायच्या. गुरप्पा वारले तेव्हा तो फोनवर हमसून हमसून रडला, पण आला नाही. "कुठल्या तोंडानं येऊ?" म्हणाला. बोळातल्या जुन्या लोकांना अजून आठवतं, तो लहान असताना गोट्या खेळत लांब गेला की रत्नम्मा दारात उभ्या राहून हाक मारायच्या, "बसूss, मनीगे बा!" घरी ये. ती हाक पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. तो गेल्यावर ती हाक कुणी ऐकली नाही.

आता या सगळ्यात कॉलेज कुठून आलं, तर ते लेकीमुळं आलं. चंद्रिकाची मुलगी महेश्वरी पुण्याला नर्सिंगला गेली आणि घर एकदम मोठं झालं. तिनंच फोनवर धोसरा लावला. "आई, महिला कॉलेजात कापडावरच्या छपाईच्या डिझाइनचा वर्षाचा कोर्स हाय. दारात काढतीस ते कापडावर काढ. पुसून तरी जाणार न्हाय." शेवटचं वाक्य वर्मी लागलं.

मल्लिनाथ भला माणूस, पण संधी सोडणारा नव्हे. "ह्या वयात दप्तर? डब्यात काय देऊ, चटणी-भाकरी का गूळ-शेंगा?" असं त्यानं आठवडाभर चालवलं. आणि मग एक दिवस न सांगता चांगले ब्रश आणि रंगांचा डबा आणून ठेवला. रत्नम्मा म्हणाल्या, "जा की. मी काय पळून जातीय व्हय?"

वर्गात बाकीच्या सगळ्या कॉलेजच्या पोरी. पहिल्या दिवशी चंद्रिका आत शिरली तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं नव्या मॅडम आल्या. खऱ्या मॅडम, आरोही मॅडम, तिच्या मागून आल्या आणि त्या महेश्वरीपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या. जेऊरच्या शेतकरी घरातल्या, पुण्याला शिकून आलेल्या, बोलणं एकदम शुद्ध. राग आला की मात्र जेऊर बाहेर यायचं. चंद्रिका तिसऱ्या बाकावर बसली. शेजारी धनलक्ष्मी नावाची साखर पेठेतली मुलगी होती, टॉवेल विणणाऱ्या तेलुगू घरातली, तोंडानं फटकळ आणि मनानं निर्मळ. तिनं पहिल्याच आठवड्यात काकूंची शेंगाचटणी संपवली आणि मैत्री पक्की झाली.

वर्ष बरं गेलं. रंग कसे मिसळायचे, कापड कसं धुऊन घ्यायचं, लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग खाली कसा उतरतो, हे सगळं चंद्रिका शिकली. हात तिचा आधीच तयार होता. ब्रशनं वेल काढली की पोरी मोबाईलवर फोटो घ्यायच्या. मग शेवटचा प्रकल्प आला. प्रत्येकीनं आपल्या घरातली एक गोष्ट घेऊन डिझाइन करायचं, स्वतः छापायचं, प्रदर्शनात मांडायचं आणि परीक्षकांना काय शिकलात ते सांगायचं. चंद्रिकाला विचारही करावा लागला नाही. दारातली रांगोळी, दाराच्याच पडद्यावर. कावेच्या तांबड्या रंगाचं सुती कापड, त्यावर पांढऱ्या रेघा.

तिनं कागदावर एक चौकोन काढला आणि त्यात तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर रांगोळी घातली. मधे कमळ, चारी बाजूंना वेल, कोपऱ्यात कोयऱ्या, भोवती चौकट. आरोही मॅडमनी बघितली आणि त्यांच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. मग त्यांनी मोबाईलवर तोच चौकोन शेजारी शेजारी, वर खाली लावून दाखवला. चंद्रिका बघत राहिली. धनलक्ष्मी मान वाकडी करून म्हणाली, "काकू, ही फरशी झाली की! संडास-बाथरूमच्या भिंतीला लावतात तसली."

पोरी हसल्या. चंद्रिकाही हसली, पण तिला दिसत होतं. एकेक चौकोन आपापल्या चौकटीत कोंडून बसला होता. वेल कडेपर्यंत यायची आणि गुमान मागं फिरायची. शेजारच्या वेलीशी तिची ओळखसुद्धा नव्हती.

"काकू, छपाईत डिझाइनला कड नसते," मॅडमनी समजावलं. "कडेला रेघ तुटलेलीच हवी. डावीकडे तुटली, तिथूनच उजवीकडे सुरू झाली पाहिजे. वर तुटली, ती खाली. म्हणजे छपाईची चौकट शेजारी ठेवली की रेघ रेघेला मिळते. याला रिपीट म्हणतात. कडेला उघडी सोडा."

कडेला उघडी सोडा. चंद्रिकानं मान हलवली, घरी आली, चौकट पुसली, नव्यानं काढायला बसली. वेल कडेपर्यंत आणली, आणि हात आपसूक वळला. तिनं खोडलं, पुन्हा आणलं, पुन्हा वळला. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना कागद दाखवला तेव्हा चौकट नव्हती, पण सगळ्या वेली कडेवर येऊन मिटल्या होत्या. तिसऱ्या वेळी तेच. जित्याची खोड म्हणतात ती ही. पण खरं सांगायचं तर नुसती खोड नव्हती. तिला भीती वाटत होती. लेक पुण्यात, होस्टेलवर, रात्रपाळीला एकटी येणार-जाणार. आणि आपण इकडं उघड्या रेघा काढत बसायचं? हे असलं मॅडमना कसं सांगणार! शिकल्यासवरल्या पोरीपुढं आपण अडाणी ठरू, आणि सांगितलंच तर त्यात सासूचं नाव येणार. तिनं दातावर दात ठेवले.

"काकू, सबमिशन तोंडावर आलंय," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं जेऊर सुटलं. "तुमचा हात येवढा चांगला, अन् येवढंसं कळंना व्हय? हितं उघडं सोडा म्हनलं की सोडायचं!" मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. त्यांनी खुर्ची ओढून शेजारी घेतली, टेबलावर कात्री ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "असं करा. कागद मधोमध कापा. आधी उभा, मग आडवा. चार तुकडे होतील. त्यांची अदलाबदल करा, म्हणजे बाहेरच्या कडा मधे येतील आणि मधलं कमळ चार कोपऱ्यांत जाईल. मग मधल्या भागात कडांना जोडत काढत जा. तुम्हाला उघडं सोडावंच लागणार नाही, कात्रीच सोडेल."

कमळातून कात्री. चंद्रिकानं कागद पिशवीत घातला आणि घरी घेऊन गेली.

दुपारी रत्नम्मांचा डोळा लागला होता. मल्लिनाथ दुकानात. चंद्रिका स्वयंपाकघरात खाली बसली, पुढ्यात कागद. तिनं सिद्धरामेश्वराचं नाव घेतलं, कपाळाला हात लावला आणि कात्री घातली. कमळाच्या मधोमध कात्री गेली. आडवं कापताना डोळ्यांना पाणी आलं. ते कशाचं, हे तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं चार तुकडे अदलाबदल करून चिकटवले. मिटलेल्या वेलींच्या पाठी एकमेकींना लागल्या होत्या आणि मधे कोरी जागा होती. त्या कोऱ्या जागेत तिनं ब्रश टेकवला. एका वेलीची गाठ खोडून सोडवली, ती पलीकडच्या वेलीत नेऊन घातली. मग दुसरी. मग तिला भान राहिलं नाही. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा कागद भरला होता, आणि त्याच्या चारी कडांना रेघा तुटलेल्या होत्या, उघड्या.

तिनं लगेच महेश्वरीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. मल्लिनाथला दुकानातून बोलावून घेतलं. "तिच्या मैत्रिणीला लावा, होस्टेलवर लावा, काय झालंय बघा." तो बिचारा ग्रीसचे हात घेऊन पळत आला. तेवढ्यात महेश्वरीचाच फोन. "आई, मोबाईल चार्जिंगला लावून आंघोळीला गेले होते. एवढे मिसकॉल? काय पेटलंय का तिकडं?"

"न्हाय ग. जेवलीस का विचारायचं होतं," चंद्रिका म्हणाली.

मल्लिनाथनं तिच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली की काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. "चांगलं झालंय की," तो म्हणाला. "आईला दाखवू नको इतक्यात." आणि हात धुवायला गेला.

छपाईच्या दिवशी कॉलेजातल्या लांब टेबलावर तांबडं कापड ताणून टाचण्या लावल्या. धनलक्ष्मीनं पलीकडून चौकट धरली, चंद्रिकानं अलीकडून. जाळीत पांढरा रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं एका दमात ओढून घ्यायचा. ओला रंग पुसला जाऊ नये म्हणून एक घर छापायचं, एक सोडायचं. असं टेबलभर छापून झालं की पहिलं वाळू द्यायचं, मग मधली रिकामी घरं भरायची. चंद्रिकाला ही रीत पाठ होती. पण निम्मं छापून दोघी मागं सरल्या आणि तिनं पाहिलं. टेबलभर तुटक्या रेघा. प्रत्येक वेल एका रिकाम्या तांबड्या घराच्या काठावर येऊन थांबलेली.

"चला की काकू, जेवून घेऊ. तोवर वाळतंय," धनलक्ष्मी म्हणाली.

"तू खा. मी थांबते हितंच."

ती खरोखर तिथंच थांबली, टेबलाशी, पाहुणा यायची वाट बघावी तशी. जेवून पोरी परत आल्या, पुन्हा चौकट धरली, रिकाम्या घरावर टेकवली, पट्टी ओढली, चौकट उचलली. आणि डावीकडची वेल सरळ उजवीकडे निघून गेली होती. जोड कुठं आहे ते शोधूनही सापडेना. दुसरं घर भरलं, तिसरं भरलं. धनलक्ष्मी तेलुगूत काहीतरी ओरडली. आरोही मॅडम धावत आल्या आणि त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका वेलीवरून हवेतच बोट फिरवत नेलं. "कुठं थांबतच नाही," त्या म्हणाल्या. चंद्रिका मटकन स्टुलावर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. पदराला पांढरा रंग लागला, तो नाकालाही लागला, आणि त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत ती तशीच आहे.

प्रदर्शनाला बाहेरून परीक्षक आले होते, एक चष्मेवाले सर. त्यांनी पडदा हातात घेऊन जोड तपासला, मान डोलावली. रंगसंगती जरा साधी वाटते म्हणाले. मग विचारलं, "या प्रकल्पातून काय शिकलात?"

बाकीच्या पोरींनी सुंदर उत्तरं पाठ केली होती. परंपरा आणि आधुनिकता वगैरे. चंद्रिकानंही केलं होतं. ते सगळं ऐन वेळी विसरलं. "रेघ उघडी सोडायला शिकले, सर," ती म्हणाली.

सर "हं, बरोबर, रिपीट" असं म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. पहिला नंबर धनलक्ष्मीचा आला, तो यायलाच हवा होता. चंद्रिका पास झाली, बऱ्या गुणांनी. मॅडमनी तिला वाकून नमस्कार केला तेव्हा तिची फार तारांबळ उडाली.

घरी येताना ती सिद्धरामेश्वराच्या तळ्याच्या काठानं चालत आली. हातात पडद्याची घडी होती. आजवर हजारो रांगोळ्या काढल्या असतील, त्यातली एकही घरी नेता आली नव्हती. हे मात्र उद्याही राहणार, परवाही राहणार, धुतलं तरी राहणार. त्या आनंदात तिला एकदम आठवलं की हे जिथं लावायचं ते दार रत्नम्मांचं आहे. सासूला काय सांगायचं? रोज सकाळी "मिटल्या, आत्या" म्हणायचं आणि दाराला हे टांगायचं? डोळ्यांना दिसत नाही म्हणून फसवायचं? ते तिच्यानं होणार नव्हतं. आणि दाखवून त्यांच्या तोंडून पुन्हा तेच ऐकायचं, तेही होणार नव्हतं. घरी आल्यावर तिनं पडदा कपाटात, साड्यांच्या खाली सरकवला आणि कुलूप लावलं नाही एवढंच.

पडदा तिथंच राहिला. मल्लिनाथनं एकदा विचारलं, तिनं "लावू की" म्हणून टाळलं. महेश्वरीनं फोटो मागितला, तिनं प्रदर्शनातला पाठवला, नाकाला रंग लागलेला.

मग एका गुरुवारी ती बाजारातून भाजी घेऊन आली, तर रत्नम्मा आपल्या खाटेवर बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर तांबडं कापड पसरलेलं. इरकलचं जुनं लुगडं शोधायला त्यांनी कपाट उघडलं होतं. चंद्रिकाच्या हातातली पिशवी तशीच खाली बसली. एक टोमॅटो घरंगळत खाटेखाली गेला.

रत्नम्मांनी डोळे कापडाजवळ नेले होते आणि बोट एका रेघेवर ठेवलं होतं. पांढरा रंग कापडावर जरा उठून आला होता, बोटाला लागत होता. बोट हळूहळू पुढं सरकत होतं. वळण आलं, वळलं. कोयरीभोवती गेलं, सुटलं, पुढं गेलं.

"तूच काढलंस?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"व्हय, आत्या."

"संपंना की ग ही."

"न्हाय संपत. तसंच असतंय त्यात."

बोट जात राहिलं. मांडीवरचं कापड संपलं, त्यांनी पुढचं ओढून घेतलं. चंद्रिका जागची हलली नाही. तिला माहीत होतं ते बोट कुठं जाणार. पडद्याच्या खालच्या टोकाला, जिथं कापड कापलं होतं, तिथं पुढचं घर नव्हतं. तिथं सगळ्या रेघा उघड्या होत्या. बोट तिथं पोचलं आणि थांबलं. रत्नम्मांनी ते काठावरून पुढं नेलं, पुढं हवाच लागली. परत आणलं, पुन्हा चाचपलं.

"हितं उघडी हाय."

"व्हय, आत्या," चंद्रिका म्हणाली, आणि मग इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. "मिटवता येत न्हाय ती तितं. म्हणून दाखवलं न्हाय तुमाला. त्या दिवशी मी मुद्दाम न्हाय हो सोडली, दूध उतू चाललं होतं. तुमी म्हणालात तितनंच गेला, मी रोज मिटवत आले, तरी तो आला न्हाय. मी काय करायचं होतं?"

कापडाचं टोक रत्नम्मांनी मुठीत धरलं होतं.

"तू आत पळालीस ना दुधाला," त्या म्हणाल्या, "तवा मी दारातच होते. पिशवी घेऊन माझ्या म्होरनं गेला तो. थांबला बी जरा. मी हाक मारीन म्हणून थांबला आसंल. मला वाटलं, जाईल कुटं, पोटात भूक लागली की येईल. बापाचा मान राहिला पायजे, म्हणून गप बसले." त्यांनी मुठीतलं टोक सोडलं. "रेघंवाटं कोण जातंय व्हय, चंद्री? हाक न्हाय मारली म्हणून गेला. ते मला बोलवंना, म्हणून तुज्या रेघंवर घातलं."

चंद्रिका खाली बसली आणि तिनं सासूच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही, आयुष्यभर आपण कुणाच्या वाटणीचं ओझं वाहिलं म्हणून आला. पण सासूचा तो हलका, हाडकुळा हात केसांवरून फिरत होता आणि त्या हातावर राग धरणं तिला जमलं नाही.

"लाव हे दाराला," रत्नम्मा म्हणाल्या.

"आणि खालच्या रेघा?"

"राहू देत उघड्या. येणाऱ्याला वाट नको व्हय?" त्यांनी नाक शिंकरलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाल्या, "फोन कुटाय तुझा? लाव त्याला."

चंद्रिकानं नंबर लावला. पलीकडं रिंग वाजू लागली. रत्नम्मा स्वयंपाकघराकडं गेल्या नाहीत. चंद्रिकानं फोन त्यांच्या कानाला धरला, तर त्यांनी तो काढून स्वतःच्या हातात घेतला, उलटा धरला, तिनं सुलटा करून दिला.

"हॅलो? वहिनी?" तिकडून आवाज आला, मोठ्या बाप्याचा, दमलेला.

रत्नम्मांना फोनवर हळू बोलायचं असतं हे ठाऊक नव्हतं. त्या खाटेवरून उठल्या, एका हातानं पडदा छातीशी धरून उंबऱ्यापर्यंत आल्या, आणि पार कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बसूss, मनीगे बा!"